खिडकीतला चमचा

प्रिय डॅडी,

मी मजेत आहे. होस्टेलचं सूपसुद्धा संपवते. ममाचा खोकला गेला का?

तिच्या संत्र्याच्या कुंड्यांसाठी घराला काचेची खोली जोडताय, त्या जागेचा फोटो मिळाला. पाया अजून खणला नाही ना? आपली डॉरिस कासवीण हिवाळाभर झोपायला तिथेच, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत मातीत शिरलीय. खूण म्हणून मी ममाचा चांदीचा चमचा रोवला होता.

फोटोत तो चमचा खिडकीत दिसतोय, धुऊन पुसलेला.

रविवारशिवाय फोन करू देत नाहीत. मेट्रन म्हणाल्या, "अगं, खणण्याचा आवाज ऐकून सरकेल ती." झोपेत कशी सरकेल?

यंत्र लावू नका, डॅडी. हातांनी खणा. तिला ओरडता येत नाही.

तुमचीच,
विनिफ्रेड