उडता बेडूक आणि माझा संयम

१० ऑगस्ट, रविवार
आजपासून राग बंद. पक्का. सकाळी चहा देताना सुजाताने सांगितलं, की पुन्हा कुणावर हात उगारलास तर अक्षराला घेऊन साताऱ्याला माहेरी जाईन, परत येणार नाही. बायको ओरडली की काही होत नाही. शांतपणे बोलली की जपावं.

मन गुंतवायला इथल्या, चंडीगडच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा देखावा अंगावर घेतला. विषय : तमिळनाडूतल्या अनैमलईच्या जंगलातला उडता बेडूक. हिरवागार, बोटांना पडदे, मुक्काम झाडावर. जंगल तुटतंय, बेडूक संपत चाललाय. चंडीगडकरांना हे कळायलाच हवं. बेडूक होणार आमची अक्षरा, वय वर्षं नऊ. मी मुळात किती शांत माणूस आहे, तेही लोकांना दिसेल.

१५ ऑगस्ट
मंडळाची मीटिंग. सेक्रेटरी नरेश म्हणाला, यार, बेडूक बघायला कोण येणार, त्यापेक्षा किल्ला करू. मी समजावलं. त्यात त्याचा चष्मा फुटला, नाकातून थोडं रक्त आलं. हात उगारला नाही, डोकं मारलं. सुजाताची अट हाताची आहे.
बेडूक एकमताने मंजूर.

१७ ऑगस्ट, रविवार
थर्माकोलचं झाड म्हणजे बेडकाचा अपमान. आमच्या कारखान्याचा टेम्पो काढून शहराबाहेर मुल्लानपूरला गेलो. शेताच्या कडेला झकास जांभूळ. एका फांदीने अख्खं जंगल वाचणार असेल तर विचार कसला करायचा? करवत निम्म्यात गेली तोच एक सरदारजी काठी घेऊन धावत आले. म्हणाले, ओ जी, एह दरख़्त मेरे दादे ने लाया सी. म्हणजे झाड त्यांच्या आजोबांनी लावलेलं. मी त्यांना जंगलतोडीचे दुष्परिणाम सांगायला घेतले. त्यांनी पाठीत काठी घातली. मी चावलो. नाइलाज होता, दोन्ही हात करवतीवर होते.
फांदी आणली. निसर्गासाठी मार खाणारी माणसं हल्ली उरलीत कुठे?

२३ ऑगस्ट, शनिवार
पाठ अजून काळीनिळी. तालीम घेतली. पानाला शेव्हिंग फोमचं घरटं केलं, खाली पाण्याची बादली. खऱ्या बेडकाची पिल्लं अशीच फेसातून टपटप पाण्यात पडतात. किती नाजूक संसार! अक्षराला बेडकासारखं बसता येईना, वर हसत सुटली. तिला मी बोटही लावलं नाही. बादली लाथेने फोडली. त्यानंतर पोरगी अशी बसली की हुबेहूब बेडूक. हलेना, डोळे मोठ्ठे. जन्मजात कलाकार आहे!
सुजाता शांतपणे फरशी पुसायला लागली. माझ्यातला बदल तिलाही जाणवलेला दिसतोय.

३१ ऑगस्ट, रविवार
काल देखावा झाला. गर्दी उत्तम. मी भाषणाला उभा राहिलो आणि साउंडवाल्या निखिलचा माइक बंद पडला. मुद्दाम पाडला. मी स्टँड उचलला. पहिला फटका स्पीकरला, दुसरा निखिलच्या खांद्याला. बायकामुलं किंचाळत उठली. वर पाहतो तर अक्षरा फांदीच्या शेंड्याला बिलगलेली. उतर बाळा म्हणून हात पुढे केले, तर आणखी वर सरकली. फांदी करकरली. माझं काळीज हललं. भूमिकेत फार शिरलीय, असं मी सगळ्यांना सांगितलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. मम्मी, पहले पापा को बाहर भेजो, एवढंच म्हणाली.

मी पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथून दिसत होतं. लगेच उतरली.

१ सप्टेंबर
दोघी साताऱ्याला निघाल्या. स्टेशनवर सोडायला येतो म्हणून बॅग उचलली, तर अक्षरा आईच्या मागे लपली. बॅग खाली ठेवली. पोरगी अजून भूमिकेतून बाहेर आली नाही, असं लिहायला बसलो होतो. पण बेडकाचा ड्रेस तिने परवाच काढलाय.