खिडकीकडची जागा

निंबकोठे, भडगावजवळ
सोमवार, ११ डिसेंबर १९३३

प्रिय मंजुळा,

तुझे धुळ्याचे पत्र पोचले. तीनदा वाचून घेतले. तुझ्या दुसरीच्या छप्पन्न मुली दुपारच्या तासाला पेंगतात, एकमेकींच्या वेण्या सोडतात, तू फळ्याकडे वळलीस की वर्ग हातातून जातो; तेव्हा नाना, तुम्ही बावीस वर्षे काय केलेत ते सांगा, असे तू विचारतेस. ट्रेनिंग कॉलेजातून पास झालेली मुलगी, घरी बसून फायनल दिलेल्या बापाला विचारते, याचे मला बरे वाटले. खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले. अक्षर या खेपेला मोठे आणि ओळी विरळ आहेत, त्याचे कारण पुढे येईल. पत्र शेवटून वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, आजच्यापुरती आवर.

यंदा गिरणेवरचे धुके दिवाळीपासून उठलेच नाही. सकाळी शाळेत जाताना बाभळी पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसतात, आणि दुपारी वर्गात दुधाळ उजेड भरतो. त्यात मुले बसलेली असतात, नुसती टोप्यांची आणि परकरांची एक लांब रांग, चेहरे कुठे तरी आत बुडालेले. अशा उजेडात शिकवताना झोपेत शिकवल्यासारखे वाटते. आणि नवल असे, की इतक्या वर्षांत वर्ग एवढा शांत कधी नव्हता. एकेचाळीस मुले, पण पाटीवर पेन्सील करकरत नाही. मी वाक्य अर्धे सोडले तर उरलेल्या अर्ध्यासाठी सगळी थांबून राहतात.

मला वाटले, आपली पद्धत पिकली. तुझ्यासाठी नियम तयार करायला घेतले. फळ्याला दर शनिवारी कोळशाच्या पुडीत माक्याचा रस कालवून लेप द्यावा, म्हणजे अक्षर चकाकत नाही. उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा. ज्यांच्या दारात कापूस आहे त्यांना गणितात बोंडेच मोजायला द्यावीत, पुस्तकातली सफरचंदे नकोत. जेवणानंतर भूगोल घ्यावा, आणि मुलांना उभे करून घ्यावा. असे अकरा झाले.

त्यातला पहिला तुला सांगायची गरजच नव्हती: मुलांचे डोळे मास्तरांच्या डोळ्यांवर असावेत. तू तिसरीत होतीस. खिडकीकडे बसायचीस आणि सगळा तास बाहेर बघायचीस. चुडामणच्या कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या असायच्या, घुंगरांचा आवाज वळणापर्यंत पुरायचा. मी मध्येच प्रश्न विचारला की तू बाहेरच बघत उत्तर द्यायचीस, आणि ते बरोबर असायचे. एकदाही चुकली नाहीस. तरी मी तुला आठ दिवस भिंतीकडे तोंड करून बसवले. इतरांना सहा दिवसांची शिक्षा होती. तू मास्तरांची पोर, म्हणून दोन जास्त. ऐकणे डोळ्यांत दिसले पाहिजे, असे मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो होतो. त्यानंतर तू वर्गात माझ्याकडेच बघू लागलीस, आणि घरी माझ्याशी बोलणे कमी केलेस. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला मला अठरा वर्षे लागली.

गेल्या गुरुवारी जिल्ह्याचा नकाशा टांगला. तोच, कापडावर चिकटवलेला, दोन दांड्यांचा. वरच्या दांडीवर मी चाकूने फुली कोरली आहे. गिरणा दाखवायला खातूनला उठवले. ही मुख्तार पिंजाऱ्याची मुलगी, आता तिसरीत. ती नकाशापाशी गेली आणि घुटमळली. वर्गात कुणी खोकलेसुद्धा नाही. मग तिने माझा हात धरला. "गुरुजी, बोट द्या. हाई गिरणा शे." शाळेत ही बोली मी कधी चालू दिली नाही, पण त्या दिवशी चालू दिली. माझे बोट धरून तिने नदी काढली, चाळीसगावच्या अंगाने थेट तापीपर्यंत, सावकाश. बोट वरून खाली आले. गिरणा उत्तरेला जाते, मंजुळा. नकाशावर ती खालून वर चढते. सुट्टी झाल्यावर दांड्या चाचपल्या. फुली खालच्या दांडीवर लागली.

मास्तरांनी अख्खा जिल्हा उलटा टांगला आणि एकेचाळीस मुलांतले एकही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी खातूनला थांबवून विचारले. पायाने माती उकरत ती म्हणाली, "गुरुजी, बठ्ठासले माहीत शे." सगळ्यांना, पहिलीतल्या पोरांनासुद्धा. फळ्यापुढच्या ओट्याच्या कडेशी बसायच्या त्यांनी पाळ्या लावल्या आहेत, मी कडेला आलो की पाळीवाला पाटी वाजवतो. फळ्यावर ओळीवर ओळ चढली तर कुणी तरी हळूच पुसते. मुले माझा धडा ऐकतात असे मी समजत होतो. ती माझी पावले ऐकत होती.

धुके गिरणेवर नाही, हे तुला एव्हाना कळले असेल. पाटीच्या चौकटीला आडवे दोरे ताणून, दोऱ्यावर बोट ठेवून हे पत्र लिहितो आहे. तुझ्या आईला चष्मा बदलायचा आहे एवढेच सांगितले आहे.

वीस तारखेला दिपोटीसाहेब तपासणीला येत आहेत. मुलांनी त्याचीही तयारी केली आहे: हजेरी मी पाठ म्हणायची, वाचनाला भिकनने आपणहून उभे राहायचे, म्हणजे पुस्तक माझ्या हाती येणार नाही. खातूनने हे इतक्या ऐटीत सांगितले की रागावता येईना. पण माझ्यापायी लबाडी शिकलेली शाळा मी मागे ठेवणार नाही. साहेबांना मीच सांगणार. नोकरी जाईल, शाळाही जाईल. मोतीबिंदू काढता येतो म्हणतात. धुळ्याच्या दवाखान्यात विचारून ठेव.

अकरा नियम सोबत जोडलेले नाहीत. पहिला खोडला, मग उरलेल्या दहांचा भरवसा वाटेना. तुझ्या प्रश्नाला उत्तर न देता उलट मीच काही मागतो आहे. दोन दिवसांची रजा टाक. एकोणीस तारखेला, मंगळवारी, चाळीसगावला गाडी बदलून कजगावला उतर, चुडामण बैलगाडी घेऊन येईल. बुधवारी वर्गात खिडकीकडची जागा मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. मी साहेबांशी बोलेन तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. बाकी सगळे बघत असतील, तेवढेच मला पुरेसे जड आहे. तू बाहेर बघ. गाड्या जिनाकडे निघालेल्या असतील. तू ऐकते आहेस, हे मला कळेल.

उशिरा का होईना, तुझाच,
नाना