केतकीची नाडी

८ सप्टें., सोम.
वर्गातल्या मित्रमैत्रिणींनो, आपला उन्हाळा कुणी खाल्ला? चार वर्षांची फार्मसी तीन वर्षांत कोंबली, सुट्ट्या गिळल्या, आणि आता आजारी पडायलाही आपल्याकडे एक दुपार…

(वर्गसभेतल्या भाषणासाठी. आधी मराठीत, मग इंग्रजी करीन. मराठीत धार येते.)

रूममेट केतकी ऐकून हसली. नागपुरी हेल: "निवडणूक लढवून राहिली का गं? शुक्रवारचं वाच."

शुक्रवारी ब्लॉक संपतो, म्हणजे त्या विषयाची परीक्षा. नव्वद टक्क्यांच्या खाली नापास. आधी एकेकट्याचा पेपर, मग टीमचा. टीमचा चांगला गेला तर प्रत्येकाला वाढीव मार्क. एक जण गैरहजर, तर सगळ्यांचे गेले. आमची टीम: केतकी (यापुढे के.), रोहन, मी. के. एकदा नापास झालीय. परत झाली तर वर्ष मागे, आणि व्हिसाचं मग…

१० सप्टें., बुध.
के. जागं राहायच्या गोळ्या घेतेय. वर सर्दीचं औषध. म्हटलं, दोन्ही एकत्र? तिनं फळ्यावर गणितच मांडलं: वजन, डोस, शरीरातून उतरायला लागणारा वेळ. मी तपासलं. रोहननंही. तो या देशातच जन्मलेला. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. "मॅथ चेक्स आउट, ताई."

गणित बरोबर होतं. नाडी बघायला तिचा हात मात्र कुणीच हातात घेतला नाही.

११ सप्टें., गुरु.
लॅबमध्ये एकमेकांचं बीपी घ्यायचं होतं. के. माझ्या वाट्याला. नाडीचा आकडा बघून मी मशीन बदललं. दुसऱ्यावरही तोच. मग बोटांनी पाहिली. धावतेय, आणि मध्येच एक ठोका गाळतेय.

सरांना हाक मारली. ते लांबूनच: "नर्व्हस? एव्हरीबडी इज." पुढच्या जोडीकडे गेले.

"क्लिनिकला चल."
"शनिवारी जाते न यार."
"आज."
"अन् तुमचे मार्क? विचार रोहनला."

रोहननं नोट्स उघडल्या. त्याला ते मार्क हवेत. मलाही हवेत.

१२ सप्टें., शुक्र. रोहनच्या गाडीत.
जिना उतरताना के. मध्येच बसली. ओठ पांढरे. अँब्युलन्सला फोन लावत होते, तिनं फोन हिसकावला. अजून तिच्या मांडीवर आहे. "चला, उशीर होतोय."

आता पुढच्या सीटवर, डोकं काचेला. दोन बोटं स्वतःच्याच मनगटावर. ओठ हलताहेत. मध्येच थांबते, पुन्हा पहिल्यापासून मोजते.

या सिग्नलला डावीकडे कॉलेज. उजवीकडे हॉस्पिटल, इथून दिसतंय. रोहननं डावा इंडिकेटर लावलाय. ओरडले त्याच्यावर. आरशात फक्त त्याचे डोळे दिसतात, के.कडे वळलेले. सिग्नल लाल.

वर्गसभा गेली खड्ड्यात. परत सांगते, सिग्नल सुटेपर्यंत सांगत राहणार:

रोहन, इंडिकेटर बदल. उजवीकडे घे.