तारेच्या छिद्रावरचा अंगारा

घाटनांदूर, मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून ठणकतंय. यांच्या छातीत हृदय चालवायला पंप बसवलाय, त्याची तार पोटावरच्या छिद्रातून बाहेर येऊन कमरेच्या बॅटरीला जाते. त्या छिद्राला मी हातमोज्याशिवाय कधी शिवले नाही. आणि आज पट्टी काढली, तर आत राखाडी अंगारा! भोवती लालभडक, कडेला पू.

यांची थोरली बहीण, अक्का, रविवारी धर्मापुरीहून राहायला आल्यात. काल मी दुकानात गिऱ्हाईक बघत होते, तेवढ्यात त्यांनी पट्टी उचलून देवळातला अंगारा लावला म्हणे.

"तुमी लावू कावून दिला?" मी यांच्यावर ओरडलेच.

"थोरली हाय ती. न्हाई कसं म्हणायचं?"

म्हणजे पू झाला तरी चालेल, अक्का रुसायला नको! दवाखान्यातल्या सिस्टरला फोटो पाठवला. म्हणाली, उद्याच घेऊन या, हे इन्फेक्शन तारेवरून आत पंपापर्यंत गेलं तर आवरणार नाही.

आता अक्कांना सोडायचं नाही म्हणून उठले. त्या ओट्यावर जप करत बसलेल्या. मला बघून डोळे भरले त्यांचे. "लई सोसलंस गं माझ्या भावापायी," म्हणाल्या आणि त्याच अंगाऱ्याच्या पुडीत बोट बुडवलं.

आणि मी काय केलं? डोक्यावर पदर घेतला आणि कपाळ पुढं केलं.

हे कॉटवरून बघत होते. "आता तू कावून लावू दिला?" असं विचारलं असतं तर बरं झालं असतं. अंगारा अजून कपाळावरच आहे.