देवीने परत पाठवलेला नारळ

॥ श्री ॥
साकीनाका, अंधेरी (पूर्व)
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय नंदकुमार यास जयवंताचा नमस्कार.

गावदेवीच्या कृपेने इकडे सगळे ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे? (आमच्या हिने त्यांच्यासाठी तेल काढून ठेवलंय, पण गावाकडे नेणारं कुणी मिळत नाही.)

दसऱ्याची हकीकत सांगायची राहिली. वर्कशॉपात मशीनच्या पूजेचा नारळ दरवर्षी मीच फोडतो. यंदा शेठनी नवी लादी बसवलेली, ती तडकू नये म्हणून वर जाड रबर अंथरलं. मी देवीचं नाव घेऊन नारळ आपटला, तो उसळून शेठच्या नडगीला लागला. सोबतचा कामगार शिवदास ओरडला, "वाट लागली यार! देवीने नारळ परत पाठवला." मला मात्र तुझे वडील, आपले गुरुजी, डोळ्यांपुढे आले. देवळाच्या ओट्यावर एक बेलफळ दगडावर, एक गोधडीवर टाकून म्हणायचे, थांबायला वेळ जास्त लागला की बल कमी. मी रबर सारून पुन्हा आपटला. नारळ फुटला. (लादीही.)

घरी येऊन दहावीतल्या सुगंधाला त्याचंच गणित घातलं. नारळ अर्धा किलो, खाली येताना वेग सेकंदाला सहा मीटर, उसळताना दोन. संवेगातला बदल किती? मी सहातून दोन वजा केले, निम्मे केले, उत्तर दोन. ती म्हणाली, "बाबा, दिशा उलटली ना! सहा आणि दोन आठ, त्याचे निम्मे चार." मी चिडलो. गुरुजींची शपथ घेऊन सांगितलं, माझंच बरोबर. सहामाहीत भिंतीवर आपटणाऱ्या चेंडूचं तसंच गणित आलं. पोरीने शपथेचा मान राखून वजाबाकी केली आणि तीन मार्क घालवले. तेव्हापासून ती मला काही विचारत नाही. रोज संध्याकाळी पुस्तक पुढ्यात घेऊन माझ्याकडे पाठ करून बसते. घर फार शांत वाटतं रे.

तुझा,
जयवंत

ता. क. गुरुजींनी दिशा उलटण्याचा धडा घेतला, त्या दिवशी मी वर्गाबाहेर अंगठे धरून उभा होतो. त्यांच्या टोपीवर चेंडू तू मारला होतास, नाव मी माझं सांगितलं. तेव्हा आता एवढं कर. सुगंधाला लिही की गुरुजी चुकले नव्हते, तिचा बाप चुकला. माझ्या तोंडून ते निघत नाही.

ता. क. २ चिकटवून पेटीत टाकायला पत्र सुगंधाकडेच देतो आहे. ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही.

काका, वाचलं. तुम्ही लिहायची गरज नाही. बाबांना आज मी तीन गणितं घातली. दोन चुकली, पण दिशा बरोबर होती. — सुगंधा