आता गोळी नको

११ फेब्रुवारी, मंगळवार

खंडूकाकांना सकाळी फिट आली! खळ्यात उभे होते, तिथेच कोसळले. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. सखूकाकींचा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या कानांना झोपेच्या मशीनच्या क्लिपा लावत होते. काकींनी एवढंच विचारलं — "ताई, तुमच्या मशीननं असं होतं काय वो?"

"नाही हो," मी म्हटलं. लगेच. क्षणभरही न थांबता.

मशीननं नाहीच झालं. तो करंट इतका बारीक की लावलाय हे माणसाला कळतसुद्धा नाही. झालंय ते माझ्या तोंडामुळे.

१२ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. नाहीतर थोड्या दिवसांनी मी स्वतःलाही काहीतरी वेगळंच सांगेन.

काका पावसला एका आंब्याच्या बागेत राखणीला आहेत. अकरा वर्षं झोपेची गोळी घेतायत. डिसेंबरात माझ्याकडे आले तेव्हा बसल्या जागी मांडी सारखी हलत होती. दहा-बारा वेळा आले — कानांना क्लिपा लावून चाळीस मिनिटं नुसतं खुर्चीत बसायचं — आणि खरंच फरक पडला. मांडी थांबली. मान सैल झाली. झोप सलग लागायला लागली. गोळी चालूच होती, ती काही मध्ये येत नव्हती.

पण मला त्यांचा व्हिडिओ हवा होता. वर 'गोळीशिवाय झोप' असं लिहायचं होतं. म्हणून गेल्या गुरुवारी मी म्हटलं, "काका, आता गोळी नको. बंदच करून टाका."

काकांनी मान डोलावली. "तुमी बोलताव म्हणजे बरोबरच."

मग व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकला. छान हसले त्यात.

पुण्याच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात बाई तीन-तीनदा बजावत होत्या — पेशंटच्या औषधाला हात लावायचा नाही, ते डॉक्टरांचं काम. माझ्या वहीत ते वाक्य आहे. लाल पेनाने अधोरेखित!

१३ फेब्रुवारी

हॉस्पिटलात गेले. डॉक्टर माझ्यासमोरच म्हणाले — इतक्या वर्षांची गोळी एकदम सोडली की फिट येऊ शकते. हळूहळू, महिने घेऊन कमी करायची असते. मग त्यांनी विचारलं, "बंद करायला सांगितलं कोणी?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी. हातात शहाळी.

काका म्हणाले, "कोनी नाय. माज्याच मनान केलंय."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी शहाळी खाली ठेवली. आणि गप्प राहिले. गप्प!

१४ फेब्रुवारी

व्हिडिओ काढून टाकला. खाली एका बाईंनी विचारलं होतं — कोणती गोळी बंद केली? त्या बाईंना निरोप पाठवला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. एवढंच जमलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काकांचा मुलगा मुंबईहून आलाय — दीपक. सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असा बोलत होता. "स्वतःला डॉक्टर समजता? एवढा कसला हट्ट?" काका भिंतीकडे तोंड करून. काकी म्हणाल्या, "असूंदे रे. पयल्यापासून हट्टीच ते." काका चक्क किंचित हसले.

माझ्यासाठी किती सोसतायत!

निघताना काकींनी थर्मासातला चहा दिला. "तुमी रोज येताव. सख्खी भैण येईल तशा."

१८ फेब्रुवारी

मशीनची खोली उघडली नाही. दारावर कागद लावला — तब्येत बरी नाही. तेही खोटंच.

२० फेब्रुवारी

आज दुपारी मीच खुर्चीत बसले. स्वतःच्या कानांना क्लिपा लावल्या. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला जबडा सैल झाला, खांदे खाली आले, श्वास लांब झाला. लोकांना बरं वाटतं ते खोटं नाही. पण आतली धडधड शांत झाली आणि माझाच आवाज स्पष्ट ऐकू आला — बंदच करून टाका. किती गोड आवाजात म्हटलं होतं मी!

उद्या सांगणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. आधी डॉक्टरांना. ते चिडले नाहीत, कागद पुढे सरकवला. "तारखेसकट लिहून द्या." दिलं.

मग दीपकला, जिन्यापाशी.

"म्हणजे बाबांनी तुमच्या सांगण्यावरून गोळी सोडली?"

"हो."

"आणि आम्हाला सांगतात, माझ्या मनाने?"

"माझं नाव येऊ नये म्हणून. दीपक, त्यांना बोलू नका. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मशीनवाली बाई काहीही सांगते नि हे ऐकतात!" एवढंच म्हणाला. मला नाही, स्वतःशीच. आणि तरातरा वॉर्डात गेला. मी मागे गेले नाही.

परत येताना हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते — पण वाटलं.

२५ फेब्रुवारी

काकींचा फोन. काकांना घरी सोडलं. दीपक दोघांना मुंबईला नेतोय, कायमचं. बागेच्या मालकाला दुसरा राखणदार बघायला सांगून टाकलंन. ऐन हंगामात! म्हणतो, उद्या आणखी कोणी काही सांगेल नि हे तसंच करतील, आता दोघांना एकटं ठेवायचं नाही. काकी रडत नव्हत्या. "तुमी खरा बोललाव ताई, तुमचा काय चुकला," म्हणाल्या. सगळंच चुकलंय.

२७ फेब्रुवारी

पावसला जाऊन आले. काका पडवीत, हात झोळीत. म्हटलं, "काका, माझ्यासाठी तुम्ही एवढं खोटं बोललात, आणि मी—"

"तुमच्यासाठी नाय वो." बागेच्या दिशेने बघत होते. "पोर हट्टी म्हनत होता, म्हनू दे. हट्टी मानूस एकटा राहू शकतो. फसलेल्याला बागेत एकटा कोन ठेवील? तेवढंच राखून होतो मी."

चौदा दिवस मी ते माझ्यावरचे उपकार समजत होते.