सयाजीचा वडा

रविवार, १२ जानेवारी २००३

फुटबॉलच्या पहिल्याच मॅचला डोकं फिरलं! जिंकलो आम्ही, दोन-शून्य. डोकं फिरलं ते वड्यानं.

ह्या वर्षीपण आमच्या स्टँडाखाली गाडा सयाजीचाच. टीम आमच्या बारव तालमीची, तिनंच त्याला दिला. का? तर तो अमरसिंहच्या बहिणीचा नवरा, आणि अमरसिंह तालमीचा सेक्रेटरी. संपलं! दुसऱ्या कुणाला वडे तळता येत नाहीत ह्या कोल्हापुरात.

हाफटाईमला एक घेतला. वरून करपलेला, आत गारढोण, बटाट्यात मिठाचा पत्ता नाही. चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी. मी शिरोलीला फौंड्रीच्या कँटीनात अकरा वर्षं तीनशे माणसांचं रांधते. मला वडा कळतो.

म्हटलं, "सयाजी, हा आज तळलास का गेल्या मॅचला?"

दात काढून म्हणतो, "आक्काताई, खाणाऱ्याला भूक पायजे. वडा चांगलाच हाय."

चांगलाच हाय! सगळी पोरं हसली. मला हसली का वड्याला, देव जाणे.

मंगळवार, १४ जानेवारी

घरी मालक म्हणाले, "एवढं बोंबलण्यापरास घरनं डबा न्यावा की."

ह्यांना काय माहीत! आमच्या केरबा मालकांनी जन्मात एक मॅच बघितली नाही. गेटावर पोलीस डबे काढून घेतात. कुणीतरी मागं डबा फेकून मारला होता म्हणे. म्हणजे डबा न्यायचा नाही, आणि सयाजीचं खायचं. उपाशी मेलेलं बरं.

रविवार, १९ जानेवारी

आज मॅच नव्हती तरी तालमीवर गर्दी. यंदा सपोर्टरांसाठी जर्सी काढली आहे. निळी, त्यावर पिवळे पट्टे, छातीवर "बारव तालीम". अमरसिंह रस्त्यावर टेबल टाकून विकत होता. बायकांना तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून आम्ही रस्त्यावरच. मी दोन घेतल्या. एक मला, एक आमच्या साक्षीला. पोरगी दहावीला आहे, पण मॅच चुकवत नाही. माझ्यावर गेली आहे.

घरी येऊन बघते तर एक बाही कोपराच्या वर, एक कोपराच्या खाली! गळा असा की त्यातून आमची म्हैस जाईल. परत नेली.

"बायकांच्या मापाची न्हाईत व्हय रं?"

"बायका येतात किती, आक्काताई? एक माप काढलंय सगळ्यांचं."

किती येतात? तोंडावर सांगितलं, एकोणीस येतात. मोजून. शहाण्णव साली मी एकटी जाऊन तिसऱ्या पायरीवर बसले तेव्हा मागून शेंगांची टरफलं डोक्यावर पडायची. "ओ मावशी, भाकरी करपंल, घरी जावा!" मी पण माघारी शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी शेजारची धोंडुबाई आली. मग तिची सून. आता ती पायरी बायकांची. मी "बारवचा!" म्हणून आवाज टाकला की सगळा स्टँड "डंका!" म्हणून उठतो. घरात मी मीठ मागितलं तर कुणाला ऐकू येत नाही. तिथं दोन हजार माणूस ऐकतं.

तालमीतली दोनचार म्हातारी अजून टपून आहेत. "बायका आल्या की भांडणं येतात." एक निमित्त मिळू दे, पायरी काढून घेतील.

बुधवार, २२ जानेवारी

जर्सी धुतली. निळा पिवळ्यात उतरला. सगळे पट्टे हिरवे! हिरवा म्हणजे आमच्या वैऱ्यांचा, वरच्या पेठेचा रंग!! घमेल्यातलं पाणी बघून मालक जोरात हसले. त्यांना म्हटलं, आज चूल बंद.

रविवार, २६ जानेवारी

मॅच जिंकली, पण माझी अब्रू गेली. तालमीचा हुकूम होता, जर्सीशिवाय स्टँडात यायचं नाही. साडीवरूनच घातली. दुसरी कुठून आणू? आणि माझी एकटीची नव्हती, अर्धा स्टँड हिरवा झाला होता. पलीकडून वरच्या पेठेवाले टाळ्या पिटत होते - "या या पावणं, आपलीच माणसं हायसा!"

मॅच सुटल्यावर साक्षीची आणि माझी, दोन्ही जर्स्या काढून पिळल्या आणि तालमीच्या दाराच्या बाहेरच्या कडीला बांधल्या. अमरसिंह धावत आला.

"आक्काताई, काय हे? लोक बघत्यात."

"बघू देत. पुढच्या मॅचला मी माझ्या साडीवर येणार. अडव बघू."

"तुमच्या तोंडानं तालमीची बदनामी हुतीय."

माझ्या तोंडानं? आणि त्याच्या रंगानं नाही! आणि त्याच्या मेहुण्याच्या वड्यानं नाही! आज वड्यात सुतळी निघाली. सयाजीला दाखवली तर म्हणतो, "कोथिंबिरीची काडी असंल." मी म्हटलं, कोथिंबिरीनं पोतं शिवतात का तुझ्याकडं?

रविवार, २ फेब्रुवारी

 

क्वार्टर फायनल होती. वरच्या पेठेबरोबर. एक-एक. पंधरा मिनिटं राहिली होती आणि आपण नुसतं कोंडून धरलेलं त्यांना. सकाळपासून पोटात काही नाही, कँटीनची पाळी करून तशीच पळत आलेली. घेतला वडा. काय करणार! दात लावला तर दात दुखला. दगड! पिठाचा गोळा, वाळलेला, आतला बटाटा आंबट. दोन पायऱ्या खाली उतरून त्याला म्हटलं, "सयाजी, हे माणसाला देतोस?"

कपात चहा ओतत, वर न बघता म्हणाला, "भूक न्हाई तर घेता कशाला? तुम्हाला वडा नगं, भांडाण पायजे."

मारला फेकून! त्याच्या टाळक्यावरच नेम होता. तो वाकला. वडा मैदानाच्या जाळीवरून गेला आणि लाईनमनच्या मानेवर. भुईवर पडला तरी फुटला नाही, घरंगळत गटारीत गेला. लाईनमन खाली बसला मान धरून. रेफ्रीनं शिट्टी मारली. पोलीस आत. कुणीतरी ओरडलं, "दगड! दगड मारला!" मॅच बंद.

सगळे मॅच बघत होते. मला कुणी बघितलं नाही. दोघांनी सोडून. साक्षीनं, आणि सयाजीनं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मॅच उरलेली परवा बंद दारात खेळवणार. आणि तालमीच्या फळ्यावर कागद लागला. साक्षीनं वाचून दाखवला, ते सरकारी अक्षर मला लागत नाही. स्पर्धेच्या कमिटीनं लिहिलंय, बारव तालमीच्या बाजूनं दगडफेक झाली. रविवारी संध्याकाळपर्यंत दगड मारणाऱ्याचं नाव द्या, त्याला दोन वर्षं मैदान बंद. नाव नाही दिलं तर सेमीला गेलात तरी तुमचा एक माणूस आत येणार नाही. सगळी पेठ बाहेर.

दगडफेक! कडक होता ना, म्हणून दगड!

फळ्यापुढं उभी राहून धोंडुबाई म्हणाली, "कुठल्या मेल्यानं मारला असंल गं? हात झडूंदेत त्याचं."

मी म्हटलं, व्हय बाई, झडूंदेत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जिंकलो! पेनल्टीवर. पोरांनी रिकाम्या स्टँडापुढं मॅच मारली. आम्ही भिंतीबाहेर उभे. आतून नुसता बूट बॉलला लागल्याचा आवाज. गोल झाला का हुकला तेपण कळत नव्हतं. सेमी सोळा तारखेला. सेमीलापण असंच भिंतीला कान लावून उभं राहायचं?

सगळ्यांच्या तोंडात एकच - दगडवाला सापडला पाहिजे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

साक्षी भाकरी खाताना म्हणाली, "आई, सांगून टाक की."

"सांगून काय? दोन वर्षं मी घरात?"

"सगळी पेठ बाहेर राहणार तुझ्यापायी."

जीभ बघा पोरीची! मी म्हटलं, माझ्या एकटीचं असतं तर आत्ता जाऊन सांगितलं असतं. पण नाव बाईचं निघालं की ती म्हातारी टपलेलीच आहेत. बायकांनी दगड मारला म्हणतील. पायरी गेली. तुझीपण गेली, धोंडुबाईचीपण गेली. सात वर्षं शिव्या खाऊन मिळवली आहे.

ती म्हणाली, "पायरीसाठी न्हाई गं. तू भ्यालीस."

थोबाडात दिली. द्यायला नको होती. पोरगी रडली नाही, भाकरी तशीच टाकून उठली.

आणि तो सयाजी! त्यानं बघितलंय. अजून कसा बोलला नाही? डाव राखून ठेवलाय. रविवारी पेठेची मीटिंग आहे, तिथं उभा राहील आणि दात काढून सांगेल सगळ्यांना. सात वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता. त्याला हेच पाहिजे होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मंडईत सयाजी समोर आला. बटाटे निवडत होता. वरचे वरचे घेत होता, ढिगात हात घालून बघत नव्हता. एवढंपण कळत नाही मेल्याला. मी थांबले. म्हटलं बोल आता, काय बोलायचं ते.

"बरं हाय न्हवं, आक्काताई?"

एवढंच. पिशवी उचलून गेला.

असा राग आला! त्यानं बोलायच्या आत आपणच बोलायचं. उद्या मीच उठून सांगणार. पायरी गेली तर जाऊ दे. त्याच्या तोंडून नाव निघण्यापरास माझ्या तोंडून निघालेलं बरं.

रविवार, ९ फेब्रुवारी

मीटिंग झाली. तालमीसमोर रस्त्यावर, सगळी पेठ. अमरसिंह म्हणाला, "शेवटचं इचारतो. कोण?" मी पदर खोचून पुढं निघालेच होते, तोपर्यंत मागनं सयाजी बोलला. "दगड न्हवता त्यो. माझा वडा हुता, आदल्या दिवसाचा. गिऱ्हाईक नावं ठेवत हुतं, रागानं मीच भिरकावला."

लोक पोट धरून हसले. त्याची बायको कडेला उभी होती, ती नाही हसली. दोन वर्षं त्याला मैदान बंद, गाडा बंद. सेमीला पेठ जाणार, बायकापण जाणार.

त्यानं माझ्याकडं एकदापण बघितलं नाही.

साक्षी बघत होती. मी पदर सोडला आणि गप्प उभी राहिले.